फिट, अनफिट आणि एक सही

लष्करात डॉक्टरच्या सुईला कुणी घाबरत नाही, त्याच्या पेनाला घाबरतात. डोक्याला पडलेली खोक भूल न घेता शिवून घेणारा, वर मलाच ‘साहेब, सावकाश होऊ द्या’ म्हणणारा हवालदार वार्षिक मेडिकलच्या दिवशी दंडाला बीपीचा पट्टा बांधला की घामाघूम झालेला मी पाहिला आहे. बीपी वाढलेलं निघालं तर औषध घ्यावं लागेल याचं त्याला काही नव्हतं. मी ते लिहीन, याची भीती होती.

गावाकडे माझा चुलतभाऊ प्रॅक्टिस करतो. त्याच्याकडे येणारा माणूस दुखणं थोडं फुगवूनच सांगतो, म्हणजे डॉक्टर नीट लक्ष देतील. माझ्याकडे पलटणीत उलटा प्रकार. पीटी चुकवायला पोट धरून येणारेही सकाळच्या सिक रिपोर्टला असत, नाही असं नाही. नर्सिंग असिस्टंट त्यांना चालण्यावरूनच ओळखायचा. पण माझी झोप उडवली ती दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी. गुडघ्याची गादी फाटलेली असताना पाच किलोमीटर पळणारे. एका डोळ्याने अंधुक दिसतंय हे लपवायला तपासणीचा तक्ता पाठ करून येणारे. आपल्याला काही झालेलं नाही, हे डॉक्टरकडून ऐकायलाच ते येत.

याचं कारण समजायला ‘शेप’ समजून घ्यावं लागतं. सैनिकाची तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शारीरिक क्षमता, ई म्हणजे डोळे. पाचही ठिकाणी ‘एक’ हा आकडा असला की तो माणूस ‘शेप वन’. एखाद्या अक्षरापुढे दोन किंवा तीन आला की ‘कॅट लागली’, म्हणजे कॅटेगरी खाली आली. मग काही कोर्सना जाता येत नाही, काही ठिकाणी पोस्टिंग मिळत नाही, बढतीचा नंबर जवळ आलेला असेल तर घोडं तिथेच अडतं. शिपायाचा नाईक, नाईकाचा हवालदार, हवालदाराचा सुभेदार होणं म्हणजे घरी एक खोली जास्त बांधता येणं, मुलीला नर्सिंगला घालता येणं. माझ्या एका आकड्याने ते थांबू शकत होतं. कानांची तपासणी तर विनोदच. सैनिक पाठ करून उभा राहतो, डॉक्टर सहा मीटरवरून कुजबुजतो, त्याने ते परत म्हणायचं. बहुतेक डॉक्टर आकडेच कुजबुजतात, आणि तपासून बाहेर पडलेला रांगेतल्या पुढच्याला ते आधीच सांगून गेलेला असतो.

हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पुण्याला वानवडीत एएफएमसीत, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, शिकलो. १ मे १९४८ ला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या समितीच्या शिफारशीवरून, लष्कराच्या वेगवेगळ्या वैद्यकीय शाळा एकत्र करून हे कॉलेज उभं राहिलं. एमबीबीएसची पहिली तुकडी आली ती ४ ऑगस्ट १९६२ ला, आणि अडीच महिन्यांत चीनचं युद्ध पेटलं. वैद्यकशास्त्र आम्हाला तिथे उत्तम शिकवलं, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पहाटे ड्रिल, दिवसभर वॉर्ड, संध्याकाळी मैदान. बीजे मेडिकल कॉलेजच्या मित्रांना आमच्या बारीक केसांची गंमत वाटायची, आम्हाला त्यांच्या मोकळेपणाची असूया. मग इंटर्नशिप, मग खांद्यावर तारे, मग लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात बेसिक कोर्स. तिथे नकाशा वाचायला शिकलो, होकायंत्र धरायला शिकलो, खंदकाचे संडास किती खोल खणायचे आणि स्वयंपाकघरापासून किती लांब, हेही शिकलो. बॉण्ड भरून बाहेर पडायची वाट होती, पण तेव्हाही ती रक्कम आमच्या घरांच्या आवाक्याबाहेरची होती. आता ती साठ लाखांच्या पुढे गेली आहे.

संडासांवर हसू नका. युद्धात गोळीपेक्षा हगवणीने आणि तापाने जास्त सैन्यं खचली, हा गेल्या शतकापर्यंतचा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेत युक्तसेनीय नावाचा एक अध्याय आहे. मोहिमेवर निघालेल्या राजाच्या तंबूशेजारी वैद्याने सगळ्या साहित्यासह तळ ठोकावा, त्यावर निशाण असावं, म्हणजे जखमींना तो लांबून दिसेल, असं त्यात सांगितलं आहे. शत्रू वाट, पाणी, सावली, अन्न, चारा आणि सरपण दूषित करतो, ते ओळखून शुद्ध करणं हे वैद्याचं काम, हेही तिथेच. पलटणीतला माझा निम्मा दिवस असाच जायचा. पाण्याच्या टाकीतलं क्लोरीन बघ, लंगरमधल्या स्वयंपाक्यांची नखं बघ, सूर्य मावळल्यावर कुणाच्या बाह्या वर आहेत ते बघ, कारण मलेरियाच्या पट्ट्यात बाही वर म्हणजे शिस्तभंग. सर्जन व्हायचं स्वप्न घेऊन आलेल्या मुलाला हे काम हलकं वाटतं. मलाही वाटलं.

आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, हा साधारण आठशे माणसांमागे एकटा डॉक्टर. वय चोविशी-पंचविशी, अनुभव इंटर्नशिपचा. एक्स-रे नाही, रक्त तपासायची सोय नाहीच्या बरोबर, विचारायला वरिष्ठ नाही. आहे तो नर्सिंग असिस्टंट, आणि त्याला माझ्यापेक्षा दहा पावसाळे जास्त माहीत. कंपन्यांमधल्या लढणाऱ्या जवानांतूनच काहीजण निवडून त्यांना रक्तस्राव थांबवणं, टुर्निके म्हणजे रक्त रोखणारा पट्टा आवळून बांधणं, जखमीला ओढून आडोशाला आणणं आपण शिकवायचं. गोळी लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत शेजारी डॉक्टर नसतो, तेच असतात. हे शिकवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगी काम होतं असं मला आज वाटतं, आणि त्याची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही.

या आठशे माणसांचा प्रमुख सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर. माझाही प्रमुख तोच, माझा वार्षिक गोपनीय अहवालही तोच लिहिणार. या धंद्यातली खरी अडचण इथे आहे. पेशंट माझा, पण तो माणूस पलटणीचा. कुणाला विश्रांती द्यायची हे मी ठरवतो, पण त्या दिवशी गस्तीला माणसं कमी पडली तर उत्तर सीओंना द्यायचं असतं.

लडाखला आमची पलटण वर चढायची होती. नियम असा: ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, १२,००० ते १५,००० मध्ये चार, त्याहून वर आणखी चार. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला एवढे दिवस लागतातच, छाती कितीही भरदार असो. त्या वर्षी बर्फाने रस्ता अडला, ट्रकांचा ताफा उशिरा आला आणि ज्यांना आम्ही मोकळं करणार होतो त्या पलटणीची तारीख डोक्यावर. सीओंनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, “डॉक, पोरं तगडी आहेत. दुसऱ्या टप्प्यातले दोन दिवस कापले तर?”

मी म्हणालो, “नाही सर.”

“म्हणजे सल्ला देतोस की अडवतोस?”

“सल्लाच देतोय सर. पण लेखी देतो.”

त्यांनी चहा संपवला आणि ब्रिगेडला दिवस वाढवून मागितले. ते मिळाले. सीओ वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. त्या वर्षीच्या अहवालात मला गुण कमीही पडले नाहीत, जास्तही नाहीत. पण सगळ्याच आरएमओंना असे सीओ मिळतात असं नाही, आणि पंचविशीतल्या कॅप्टनने कर्नलला ‘नाही’ कसं म्हणायचं याचा तास ना पुण्यात होतो ना लखनौत.

त्या चौदा दिवसांमागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. १९६२ मध्ये मैदानी मुलखातली माणसं घाईघाईने वर नेली गेली, आणि शत्रू दिसायच्या आधीच काहींच्या फुप्फुसांत पाणी भरलं. लष्करी भाषेत याला ‘हॅपो’ म्हणतात. आधी कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, मग गुलाबी फेस. न्यूमोनिया समजून उपचार केले तर माणूस हातचा जातो. आपल्या लष्करी डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्यावर १९६५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पुढे १९६९ मध्ये १,९२५ सैनिकांवरचा त्यांचा उंचीच्या आजाराचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. आज हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना त्यांचा गाइड ‘आज इथेच मुक्काम’ म्हणतो आणि ती कुरकुरतात. तो मुक्काम कशातून आला हे त्यांना कुणी सांगत नाही.

चौदा दिवस पाळूनही माणूस लपवू शकतो. साताऱ्याकडचा एक नाईक सुट्टीवरून परतला होता. घरून परत आलेल्याला सवय पुन्हा करावी लागते. ती त्याने केली होती. वरच्या पोस्टवर पोचल्यावर दुसऱ्या संध्याकाळी त्याच्या साथीदाराने रेडिओवर सांगितलं, हा जेवला नाही. मी नशिबाने त्याच पोस्टवर होतो. बंकरमध्ये गेलो तर तो स्लीपिंग बॅगवर उठून बसलेला.

“काय होतंय?”

“काय नाय ओ साहेब. जरा सर्दी हाय.”

“झोपून दाखव.”

तो आडवा झाला आणि लगेच उठून बसला. ऑक्सिमीटरचा आकडा बघायची गरजच नव्हती. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे खालच्या भागात करकर. मी सोबत्याला ऑक्सिजन आणायला सांगितला तेव्हा नाईकाने माझा हात धरला. “साहेब, कॅट लावू नका. पुढल्या महिन्यात माझा कोर्स हाय.”

रात्री तिथे हेलिकॉप्टर येत नाही. त्याला हॅपो बॅगमध्ये घातलं. माणूस आत झोपतो, चेन लावायची आणि पायाने पंप मारत राहायचं. आतल्याला हजार-दीड हजार मीटर खाली उतरल्यासारखं होतं. पंप थांबवून चालत नाही. पोस्टवरच्या सगळ्यांनी पाळीपाळीने मारला, सुभेदार साहेबांनी सुद्धा. छोट्या खिडकीतून त्याचा चेहरा दिसायचा आणि तो मधूनमधून ओठांनी ‘कोर्स, कोर्स’ म्हणत होता की काहीतरी दुसरंच, कोण जाणे. सकाळी चीता हेलिकॉप्टर आलं, तो खाली गेला, वाचला. कोर्स त्याचा हुकला. नंतर मला भेटला तेव्हा कडक सॅल्यूट ठोकला, बोलला मात्र काही नाही.

फुप्फुसांत पाणी असेल तर निदान ऐकू येतं. मनाचं काय करायचं? शेपमधलं पहिलंच अक्षर सगळ्यात अवघड आहे. एक पोरगा यायचा, झोप येत नाही म्हणायचा. गावी बांधावरून भाऊबंदकी, वडिलांवर केस, बायको माहेरी. हे ऐकून घेणं माझं काम. पण पुढे काय? मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं तर पलटणीकडून एक लेखी अहवाल लागतो, एएफएमएसएफ-१० नावाचा, आणि तो त्याच्या वरिष्ठांनी भरायचा असतो. म्हणजे कंपनीला कळलं. त्याचं हत्यार काढून घेतलं की बाकी उरलेल्यांनाही कळलं. पोरगा उद्यापासून ‘तो’ होतो. आणि पाठवलं नाही, तर हाच पोरगा रात्री दोन वाजता भरलेली रायफल घेऊन एकटा पहाऱ्यावर उभा. नागरी डॉक्टरला पेशंटचं गुपित राखायचा धर्म पाळता येतो, कारण त्याच्या पेशंटच्या हातात रायफल नसते. मी त्याला पाठवलं. पाठवण्याआधी त्याच्या कंपनी कमांडरसोबत बसलो, त्याला रजा मिळवून दिली, तहसीलदाराला पलटणीकडून पत्र गेलं. जमिनीच्या कज्ज्यात लष्करी पत्राने काय होतं, असं शहरात वाटेल. पुष्कळ होतं. झोपेच्या गोळीपेक्षा तरी जास्तच.

यातलं काहीच ‘युद्ध’ नाही, हे लक्षात आलं असेल. लोक मला विचारतात ते युद्धाचं. मराठी माणसाला युद्धातला डॉक्टर म्हटलं की सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवतात, जे चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी गेले. ते आपल्या लष्करात नव्हते. आपल्या लष्करातलं नाव सांगायचं तर मी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांचं सांगेन. १९५० च्या शेवटी ते ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी घेऊन कोरियाला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उत्तरेकडून माघार घेत होत्या, वाहनं नव्हती, सामान सोडून निघा असं सगळ्यांचं म्हणणं. सामान सोडलं तर आम्ही डॉक्टर कशाचे, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या माणसांनी एक जुनं वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं, ऑपरेशनचं साहित्य डब्यांत चढवलं आणि आपल्यातल्याच दोघा-चौघांनी ती गाडी हाकत दक्षिणेला आणली. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकन छत्रीधारी उतरले तेव्हा यांचे १२ जण त्यांच्यासोबत उडी मारून उतरले. रंगराजना महावीर चक्र मिळालं. त्याच युनिटचे वारसदार २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंपग्रस्तांसाठी इस्केंदेरुनला हॉस्पिटल थाटून बसले होते.

जिनिव्हा करारांनी आम्हाला हत्यार दिलं आहे ते स्वतःच्या आणि पेशंटच्या रक्षणापुरतं. समोर शत्रूचा जखमी असला तरी क्रम जखमेच्या गांभीर्याने ठरतो, गणवेशाने नाही. ऐकायला सोपं आहे. १९७१ मध्ये सिल्हेटजवळ सुरुंगाने पाय छिन्नविच्छिन्न झालेल्या मेजर इयान कार्डोझोंनी तोच पाय खुकरीने तोडला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने, मेजर मोहम्मद बशीर यांनी. कार्डोझो आधी नको म्हणत होते. आणि काबूलला २६ फेब्रुवारी २०१० रोजी अतिथीगृहावर हल्ला झाला तेव्हा मेजर लैशराम ज्योतिन सिंग यांच्या हातात हत्यार नव्हतंच. त्यांनी हल्लेखोराला मिठीच मारली. मेडिकल कोअरमधलं ते पहिलं अशोक चक्र.

असे दिवस बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत, आणि यातच आणखी एक गाठ आहे. शांत छावणीतला लष्करी सर्जन वर्षभर हर्निया, पित्ताशय, सीझर करतो. स्फोटात फाटलेली मांडी कधीतरी एकदम, तीही एका वेळी पाच, समोर येते. हात चालू कसा ठेवायचा? माझ्या मते तरुण लष्करी सर्जनांना दर वर्षी काही आठवडे ससूनसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या अपघात विभागात उभं करावं. रक्त थांबवायचा सराव तिथे रोज मिळतो, त्यासाठी युद्धाची वाट बघावी लागत नाही. आरएमओचंही तेच. दोन-तीन वर्षं तो पुस्तकांपासून आणि वॉर्डापासून लांब असतो, आणि परत येऊन पीजीची परीक्षा ज्यांच्याशी द्यायची ते ताजेतवाने असतात.

पण सगळ्यात जड कागद बोर्डाचा. सैनिक निवृत्त होताना किंवा आजारामुळे घरी पाठवला जाताना वैद्यकीय मंडळ बसतं, आणि त्याने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: हा आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीने वाढला का? दोन्हीला ‘नाही’ असेल तर ‘एनएएनए’ असं लिहितात, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘नाना’. नाना लागला की अपंगत्वाची पेन्शन सहसा गेली. डॉक्टरला खरंच ठाऊक असतं का, की ह्याचा मधुमेह सियाचीनमुळे की आजोबांमुळे? बऱ्याचदा नसतं. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार नोकरीत आला असं धरायचं. ते सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावर नाही, आणि मंडळाने कारणं द्यायची. २०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले, त्यावरून माजी सैनिकांत पुन्हा नाराजी. सरकारची तिजोरी सांभाळणं हे डॉक्टरचं काम नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण गणवेशातल्या डॉक्टरला ते मत मंडळाच्या टेबलावर मांडताना आजूबाजूला बघावं लागतं.

आता मी निवृत्त आहे आणि माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये बसतो. इथे सगळे दुखणी घेऊन येतात, अगदी वीस वर्षांपूर्वीचीसुद्धा, कारण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मागे तोफखान्यातले एक निवृत्त सुभेदार पत्नीला घेऊन आले. दोन्ही कानांनी जेमतेम ऐकू येत होतं. नोकरीतलेच कान आहेत, पेन्शन वाढवून मिळायला हवी, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही असणार; तोफेशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे कान आणखी कशाने जातील? पण त्यांच्या कागदांवर शेवटच्या वर्षापर्यंत एच-वन. दर वर्षी.

“तेव्हा ऐकू येत होतं का?” मी मोठ्याने विचारलं.

“कुठलं साहेब. आकडे पाठ असायचे.” मग जरा थांबून म्हणाले, “पण तेव्हा खरं बोललो असतो तर सुभेदार झालो असतो का?”

मी म्हणालो, बहुतेक नाही. सशस्त्र दलांच्या ट्रिब्युनलला जाता येईल, पण कागद तुमच्या विरुद्ध आहेत, हेही सांगितलं. त्यांना ते पूर्ण ऐकू आलं नसावं. बायकोने मात्र ऐकलं.

“सुभेदाराची पेन्शन मिळतीया न्हवं?” ती त्यांच्या कानाजवळ ओरडली. “मग मशीन घ्या कानाचं, नि टीव्ही बारीक करा.”